शून्य उंचीचा दरवाजा

काल दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये मी एवढ्या जोरात ओरडले, की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. कारण सांगते...

माझी पीएचडी जायकवाडीच्या पाण्यावर आहे. धरणाचे दरवाजे उघडले की पैठणच्या खाली पाणी कुठवर चढेल, याचं मॉडेल. लिहिलंय फोर्ट्रानमध्ये. हो, तीच प्रोग्रॅमिंगची जुनी भाषा... पण मी ती नव्या, ऑब्जेक्टच्या पद्धतीनं लिहिते. 'दरवाजा' हा मूळ साचा, त्यावरून 'आपत्कालीन दरवाजा' हा दुसरा. साच्यातल्या कन्स्ट्रक्टरला, म्हणजे वस्तू घडवणाऱ्या भागाला, उंची-रुंदीची माहिती द्यायची; कंपायलर आपलं लिहिलेलं मशिनच्या भाषेत उतरवतो, की दरवाजा तयार.

माझा आपत्कालीन दरवाजा मात्र तयार व्हायचा तो शून्य उंचीचा! मी उंची दिलेली असूनही.

आमचे गाईड मनानं फार चांगले, पण मत ठाम. "अगं, कंपायलर चुकत नसतो, आपण चुकतो. हे ऑब्जेक्टचं खूळ सोड आणि सरळ जुन्या पद्धतीनं लिही." म्हणजे सगळं काम पहिल्यापासून... रडूच आलं मला. पण मीही काही कमी हट्टी नाही.

मग प्रोग्रॅम कापायला घेतला. एक भाग काढायचा, चालवून बघायचं. उंची अजून शून्यच? मग आणखी काढायचा. नदी गेली, पाऊस गेला, धरण गेलं... शेवटी उरल्या वीसेक ओळी आणि एक दरवाजा. तोही शून्य! आता माझी चूक लपायला जागाच नव्हती. त्या ओळी कंपायलर बनवणाऱ्यांना पाठवून दिल्या.

काल त्यांचं उत्तर आलं. साच्यावरून साचा काढला की त्यांचा कंपायलर दिलेली माहिती वाटेतच टाकून देत होता. चूक त्यांची, आणि दुरुस्तही केलीय. शिवाय माझा तो इवलासा प्रोग्रॅम त्यांनी आपल्या चाचण्यांमध्ये घेतलाय. आता नवा कंपायलर निघाला की आधी माझा दरवाजा बरोबर उघडून दाखवायचा! कॉलर ताठ झाली हो माझी...

आमच्या गाईड सरांनी ते उत्तर दोनदा वाचलं. मग सगळ्यांसाठी चहा मागवला आणि म्हणाले, "तुझ्या प्रोग्रॅममधलं एक अक्षर बदलू नकोस."

संध्याकाळी पैठणला आईला फोन केला. फोर्ट्रान तिला काय कळणार, तरी सगळं सांगितलं.

"म्हंजी मशिनच चुकलं व्हतं, तू नाय?"

"व्हय."

"मला ठावं व्हतं."

खरं सांगू? इतकी खात्री मला स्वतःलाही नव्हती... थँक्यू, आई.