विमानाला लागलेला चकवा

“आगं, मंग चकवाच की त्यो. दुसरं काय?”

अर्धापूरच्या केळीत, बुडाशी फुटलेली पिलं विळ्यानं छाटता छाटता वैजनाथ लेकीशी फोनवर बोलत होता. फोन खिशात, आवाज मोठा. सृष्टी विमान चालवायला शिकते. काल रातच्याला ती मास्तरासंगं पहिल्यांदाच अंधारात उडाली. चंद्र नव्हता. खाली डोंगर आन् तळं, सगळं काळंकुट्ट. शेतातले चार-दोन दिवे तिला चांदण्या वाटले. विमान एका अंगाला कलत चाललेलं, आन् तिचं अंग म्हणत होतं, सरळ हाय. समोरचा काटा कलल्याचं दाखवून राहिला, तर तिला वाटलं काटाच बिघडला. मास्तरानं विमान हातात घेतलं म्हणून वाचली. उद्या पुन्हा जायचं होतं. न्हाई गेली तर शिक्षण तिथंच थांबणार. तिनं तर घरी यायला बॅग भरून ठेवली होती.

वैजनाथचा विळा थांबला.

तो तरणा होता तव्हाची गोष्ट त्यानं काढली. लाईट रातचीच यायची. पाणी वळवायला केळीत शिरला आन् बॅटरी विझली. वर पानांनी आभाळ झाकलेलं, सगळ्या ओळी सारख्या. स्वतः लावलेल्या केळीत गडी गरागरा फिरला. त्याचा बाप शेषेराव सांगायचा, चकवा लागला की डोक्याचं ऐकू नगं. पाटात हात घाल, पाणी जिकडून येतंय तिकडं चाल, विहीर तिथंच.

“हात घातला, तर पाणी उलटं वाहून राहिलेलं. म्हणलं, पाणीच येडं झालं. तरीबी गेलो, शिव्या देत. विहिरीवर तुझा आजा बिडी वढत बसलेला. म्हणला, फिरून झालं आसंल तर पाणी वळीव.”

आता ठिबकच्या नळ्या आल्या, पाट बुजले. खांबाखांबावर दिवे. चकवा गेला, त्याच्यामागं पाटाची खळखळबी गेली. उन्हाचं पाय बुडवावं म्हणलं तर वैजनाथला जागा सापडत न्हाई.

तिकडून सृष्टी म्हणाली,

“दादा, मास्तरबी तेच वरडत होते. काट्याकडं बघ म्हणून.”

“मंग?”

“भ्याव वाटतंय.”

“मलाबी वाटत होतं. हात तेवढा पाटातून काढला न्हाई.”

“बरं. उद्या उतरल्यावर फोन करते.”

“हाव,” वैजनाथ म्हणाला. अजून दोन ओळी राहिल्या होत्या. त्यानं पुढच्या पिलाच्या बुडाशी विळा घातला.