पुजून पुजून गंजलेली मोटार

कंपू नावाच्या मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या खाली गॅरेज आहे आणि त्यात एक स्पोर्ट्‌स कार आहे, असं आमचे हे सांगतात. मी सांगते, तिथे एक गंजाचा ढीग आहे आणि त्याला आम्ही कुलूप लावतो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून आमचा हा मतभेद आहे. गेल्या वर्षी माझे गुडघे गेले, डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितलं, आणि मतभेदाचं भांडण झालं. आम्ही राहतो वरच्या मजल्यावर. खाली जुने भाडेकरू आहेत, म्हणजे ते काही हलणार नाहीत. राहिलं गॅरेज. त्याची खोली झाली तर मला घराबाहेर पडता येणार होतं, मंडईत जाता येणार होतं, शेजारणीकडे चहाला जाता येणार होतं. नाही झाली तर गॅलरीतून भाजीवाल्याला टोपली सोडत बसायचं होतं.

मोटार साधीसुधी नाही, हे मलाही मान्य आहे. माझे सासरे, आबा, एका सरदारांकडे कारभारी होते. सरदारांनी विलायतेहून हौसेनं ही दोन सीटांची, उघड्या टपाची गाडी आणली आणि हौस फिटल्यावर सासऱ्यांना दिली. सरदारांनी दिलेली वस्तू नाकारायची नसते, आणि विकायची तर मुळीच नसते. सासऱ्यांना गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी तिची पूजा सुरू केली.

आता दसऱ्याला वाहनाची पूजा सगळेच करतात. गाडी धुतात, पुसतात, झेंडूचा हार घालतात आणि कामाला लागतात. आमच्याकडे कारभाऱ्यांची पद्धत होती. मोटारीला देवासारखं स्नान, तेही पंचामृतासकट. नारळ तिच्याच बंपरवर फोडायचा आणि पाणी बॉनेटवर शिंपडायचं. शेवटी अंगावरचं तीर्थ पुसायचं नाही, ते अंगातच जिरलं पाहिजे, असा नियम. मग गॅरेजचं दार जे लावायचं ते पुढच्या दसऱ्यालाच उघडायचं. सासरे गेल्यावर यांनीही हे सगळं मोठ्या निष्ठेनं चालवलं. मी एकदा म्हटलं होतं, अहो, लोखंड आहे ते, निदान पुसा तरी. तर मी देवघरात चपला घालून शिरल्यासारखं यांनी माझ्याकडे पाहिलं.

गुडघ्यांवरून भांडण पेटलं तेव्हा यांनी तोड काढली. जुन्या मोटारी दुरुस्त करणारा एक इंजिनियर दिल्लीहून बोलवायचा. तो हो म्हणाला तर मोटार राहील, नाही म्हणाला तर खोली होईल. मी लगेच कबूल झाले, कारण मला डोळे आहेत. यांना मात्र निकालाची इतकी खात्री की फिरायला जायचे रस्तेसुद्धा ठरवून टाकले. मला शेजारी बसवून इंदरगंजच्या चौकातून न्यायचं होतं. ती गाडी इतकी बुटकी आहे की तिथल्या टेम्पोवाल्यांना आम्ही दिसलोच नसतो. हे मी बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, हॉर्न मोठा बसवू.

इंजिनियर आला, त्या दिवशी मी कठडा धरून कशीबशी जिना उतरलेच. तरुण, अदबशीर, एका हातात लोहचुंबक आणि दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर. चुंबक लावला की खाली पडायचा, कारण यांनी कधीतरी भोकं पुट्टीनं बुजवून वरून रंग मारला होता. स्क्रूड्रायव्हर टेकवला की आत जायचा. हे मागे मागे फिरत त्याला हिंदीतून धीर देत होते. बॉनेटवर आमचं शेंदराचं स्वस्तिक होतं, दर दसऱ्याला तेलात शेंदूर कालवून जुन्यावरच नवं काढलेलं. त्यानं आधी हात जोडले आणि मग त्याचा एक कोपरा खरवडला. खाली लख्ख लोखंड निघालं. तिथे चुंबक असा चिकटला की काढताना त्याला जोर लावावा लागला.

"अंकल, पूरी गाड़ी पर यही तेल-सिंदूर लगा देते तो आज चल रही होती," तो म्हणाला.

हे खुशीनं माझ्याकडे वळले. पूजेनं वाचली, असं त्यांचं म्हणणं. पूजेनंच खाल्ली, असं माझं. इंजिनियर बिचारा निकाल सांगून मोकळा झाला. बनतं तर सगळंच, पण यातलं तुमचं म्हणून या स्वस्तिकाएवढंच उरेल, बाकी सगळं नवं घडवावं लागेल. मग आम्हाला विचार करू द्यावा म्हणून तो अंगणात जाऊन उभा राहिला.

"म्हणजे बनते ना. बोलला ना तो, बनतं म्हणून," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. बनते ना, मग चला इंदरगंजला, असं म्हणून मी मोटारीचं दार उघडलं आणि गुडघ्यांचा विचार न करता आत बसले. बसले म्हणजे पडलेच. पाय टेकवला तर तळाचा पत्रा कडकन मोडला आणि पाऊल थेट गॅरेजच्या फरशीला लागलं. वर मला उठता येईना. मी हाका मारल्या. हे धावत दुसऱ्या बाजूनं आले, मला उठवायला म्हणून स्टिअरिंगमागे बसले, आणि बसूनच राहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"मी पण आजच पहिल्यांदा बसून राहिलो आहे हिच्यात," हे म्हणाले. "आबा बसू नाही द्यायचे. देवावर बसतात का, म्हणायचे. मला वाटायचं, आपल्या हातात आली की पहिले तुला घेऊन बसीन. मग मलाच भीती वाटायला लागली."

इतकी वर्षं मी समजत होते की यांना मोटार हवी आहे. माझा सगळा राग ओसरला. करा दुरुस्त, मी चढेन जिना, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तेच बोलले.

"खोलीला खिडकी रस्त्याच्या बाजूला काढू. तुला येणारे-जाणारे दिसतील."

मला रडू आलं. मी त्यांचा हात धरला. उठायचं होतं म्हणून तो धरावा लागणारच होता, पण मी लगेच उठले नाही.