ट्रायल चाळीस किलोमीटर, दोष आढळला नाही

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. या सदरातले अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आलो. पांढरी साडी, पैंजण, वळणावरचं चिंचेचं झाड... चालू द्या तुमचं! माझा धंदा गाड्यांचा. जळगावच्या एमआयडीसीत एका गॅरेजमध्ये चौदा वर्षं सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. गाडीला स्कॅनर लावला की तिच्या पोटातलं सगळं स्क्रीनवर येतं, आणि जे येत नाही ते नसतंच, असं मी लोकांना तोंडावर सांगायचो.

सुमनअक्कांनाही तेच सांगितलं होतं.

अक्का जामनेरच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर झालेल्या. साठीची बाई स्वतः गाडी चालवत नवऱ्याला, म्हणजे नानांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जळगावला आणायची. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, नेरी ओलांडली की गाडी चालता चालता बंद पडते. धक्का नाही, आवाज नाही. स्टिअरिंग दगडासारखं होतं, ब्रेक दबत नाही. दहा मिनिटांनी आपोआप चालू. मागून ट्रक येत असतात हो..."

नाना शेजारच्या सीटवरच बसून होते. डायलिसिसची नस डाव्या हातात, पट्टा तिथे घासायचा म्हणून ते सीटबेल्ट लावत नसत. त्यामुळे गाडी पळायला लागली की बेल्टचा आवाज सुरू — टिंग टिंग टिंग, जामनेर ते जळगाव. अक्का हसून म्हणाल्या, "नानांपेक्षा तोच जास्त बोलतो."

आता आमची पद्धत ऐका. अशी तक्रार आली की गाडी रस्त्यावर चालवून बघायची असते. नेरीपर्यंत जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. पण कामाच्या गर्दीत कोण जातंय उन्हात? आम्ही गाडी लिफ्टवर दीड फूट उचलायचो, पाचव्या गिअरमध्ये टाकून सोडून द्यायचो. चाकं हवेत फिरतात, मीटर पळतो, आम्ही भजी खातो. डॅशबोर्डवर एखादा लाइट लागलाच तर स्कॅनरने उडवायचा. मग जॉब कार्डवर मी झोकात लिहायचो — ट्रायल चाळीस किलोमीटर, दोष आढळला नाही. खाली माझी सही.

ही युक्ती माझीच. आमचे मेकॅनिक गुलाबभाऊ शिरपूरकडचे, पन्नाशीचा माणूस. त्यांनाही मीच शिकवली.

अक्का चार वेळा आल्या आणि चारही वेळा त्यांची गाडी लिफ्टवर चाळीस किलोमीटर फिरली. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "भाऊ, एक लक्षात आलंय. मी एकटी असले तर नाही पडत. नाना शेजारी बसले की पडते. कुणाला तरी तिथे बसवून बघा ना." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अक्का, गाडीला नाना आवडत नसतील." सगळं गॅरेज खो खो हसलं. नानासुद्धा हसले बिचारे. त्यांच्या सीटवर बसून मात्र कुणीच बघितलं नाही. कदाचित खालची एखादी वायर वजनाने दबत असेल... दहा मिनिटांचं काम होतं.

चौथ्या ट्रायलनंतरच्या शुक्रवारी, भर दुपारी, नेरीच्या पुढे गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली आणि मागून केळीचा ट्रक आला. नाना जागच्या जागी गेले. अक्कांचा हात मोडला.

महिनाभराने त्या गॅरेजला आल्या. हात प्लास्टरमध्ये. चारही जॉब कार्डं त्यांनी माझ्या टेबलावर ओळीने मांडली. मला वाटलं, आता शिव्या देणार. पण बाई हळू आवाजात म्हणाली, "मुलगा बोलत नाही माझ्याशी. म्हणतो, तुझं वय झालंय, तूच काहीतरी चुकीचं दाबलंस. भाऊ, मला एवढंच सांगा. तुम्ही खरंच चालवली होती ना नेरीपर्यंत?"

"हो अक्का. चारही वेळा."

"आणि एकदाही बंद नाही पडली?"

"नाही." आणि एवढ्यावर थांबलो नाही मी! वर म्हणालो, "होतं अक्का असं... वयाने क्लचचा अंदाज चुकतो."

त्यांनी कार्डं गोळा केली. "म्हणजे मीच मारलं त्यांना," एवढंच बोलल्या, आणि मला थँक्यू म्हणून गेल्या.

त्यानंतर आठ दिवसांची गोष्ट. मी माझ्या गाडीने जामनेरला निघालो होतो. एकटा. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. नेरी ओलांडली आणि टिंग टिंग सुरू झालं. शेजारच्या सीटचा बेल्टचा लाइट! सीटवर काही नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. मी एका हाताने तो बेल्ट ओढून खाचेत अडकवला. अडकवल्यावर आवाज थांबायलाच पाहिजे, गाडीची रचनाच तशी असते. थांबला नाही. पाचएक सेकंदांनी इंजिन गेलं. धक्का नाही, आवाज नाही... स्टिअरिंग दगड. मागे ट्रकचा हॉर्न कानठळ्या बसवत होता. कसाबसा कडेच्या मातीत उतरलो. दहा मिनिटांनी गाडी मुकाट्याने चालू झाली.

स्कॅनरवर काही नाही. गुलाबभाऊ म्हणाले, "साहेब, गाडीमा काहीच नई शे. बठ्ठं ओके शे." पुढच्या पंधरवड्यात दोनदा तेच झालं, एकदा तर शोरूममधून आलेल्या नव्या कोऱ्या गाडीत. जागा तीच, आवाज तोच.

शेवटी मी गुलाबभाऊंना हात जोडले. म्हटलं, माझ्या गाडीची नीट ट्रायल घ्या, नेरीच्या पुढे जाऊन या. ते हो म्हणाले. तासाभराने मी शेडमध्ये गेलो तर माझी गाडी लिफ्टवर! चाकं हवेत फिरताहेत आणि गुलाबभाऊ स्टुलावर बसून चहा पिताहेत. माझं डोकंच फिरलं. ओरडलो, "अहो, माझा जीव जायची वेळ आलीय आणि तुम्ही..."

ते शांतपणे म्हणाले, "तुम्हीच शिकाडेल शे ना, साहेब."

आणि तेवढ्यात गाडीतून आवाज आला. टिंग टिंग टिंग. काचा बंद, दारं बंद, आत कुणी नाही. मी वाकून पाहिलं. शेजारच्या सीटचा लाल लाइट लागलेला. गुलाबभाऊंच्या हातातला कप तसाच राहिला. मग इंजिन गेलं. चाकं गरागरा फिरत होती ती हळूहळू थांबली, आणि ती पूर्ण थांबेपर्यंत तो आवाज चालूच होता. मी मीटर पाहिला. सकाळच्या आकड्यापेक्षा बरोबर वीस किलोमीटर जास्त. जळगावहून नेरी.

"हाई गाडीले मी हात लावाव नई," म्हणत गुलाबभाऊ जे गेले ते दोन दिवस कामावर आले नाहीत.

त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ठरवलं, जामनेरला जायचं आणि अक्कांना खरं सांगून टाकायचं. मग नोकरी जाऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे. एसटीनेच गेलो.

दार अक्कांनी उघडलं. पार वाळून गेल्या होत्या. आत त्यांचा मुलगा बसलेला, समोर कागद पसरलेले. मी तोंड उघडायच्या आत अक्काच म्हणाल्या, "बरं झालं भाऊ, देवासारखे आलात. याला कुणीतरी सांगितलंय की गॅरेजवाले गाडी चालवून बघतच नाहीत. आता तुमच्यावर केस करतो म्हणतो. तुम्हीच सांगा याला. माझी चूक दुसऱ्याच्या गळ्यात नको."

मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. पण खोटं कशाला लिहू, लाजेपेक्षा भीती मोठी निघाली.

"चालवली होती," मी म्हणालो. "चारही वेळा. स्वतः."

मुलाने कागद गोळा केले आणि आईकडे न बघता आत निघून गेला. अक्कांनी मला चहा केला. डाव्या हाताने, कारण उजवा अजून नीट वळत नव्हता. मी तो चहा प्यालोसुद्धा.

फाटकाशी त्यांनी विचारलं, "आज गाडी नाही आणली?"

"मधेच बंद पडते हल्ली," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्या थबकल्या. वाटलं, आता कळलं यांना. पण त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि काळजीने म्हणाल्या, "मग अंगावर काढू नका भाऊ. तुमच्यासारखाच कुणीतरी नीट माणूस बघा, आणि त्याला चालवून बघायला सांगा."

ती गाडी आजही माझ्या दारात उभी आहे, बॅटरी काढलेली. सीटखालची वायर मी तीनदा तपासली, धडधाकट आहे. कुणाला काही कळत असेल तर सांगा, मला तरी अजून उलगडा झालेला नाही. अक्का अजून जामनेरलाच आहेत. मी परत गेलेलो नाही.