पाठराखीण बनून बँकॉकला

आमची नात रेवती हिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं, आणि ती अजून आमच्याच घरी, अमळनेरला आहे. नातजावई हर्षल मूळ धुळ्याचा, नोकरीला कॅनडात. लग्नानंतर पंधरा दिवसांत तो परत गेला आणि बायकोला तिकडे राहायला नेण्याचा अर्ज भरला. तेव्हापासून संगणक उघडला की एकच उत्तर येतं : प्रक्रिया सुरू आहे. मी मास्तर होतो. वर्षभर 'अभ्यास सुरू आहे' असं सांगणाऱ्या पोराला मी वर्गात बसू दिलं नसतं.

मध्ये पर्यटक व्हिसा मागून पाहिला, तो नाकारला गेला. नवरा तिकडे असल्यावर बाई परत येईलच कशावरून, हे त्यांचं म्हणणं. आणि नवऱ्याला भेटायचं नसेल तर ती त्या बर्फात जाईल कशाला, हे माझं.

मग एका संध्याकाळी रेवती माझ्या शेजारी येऊन बसली. "आबा, फोनवर आता बोलायला काही सुचत नाही. जेवलीस का, झोपलास का, संपलं. अर्ज मागे घ्यावा का?"

"अर्ज राहू दे, आधी एकदा भेटा," मी म्हणालो. हर्षलला आठवड्याची सुट्टी मिळत होती. तो धुळ्याला आला असता तर तो आठवडा मामा-मावश्यांकडची जेवणं करण्यातच गेला असता. म्हणून दोघांनी मध्येच कुठेतरी भेटायचं ठरवलं. बँकॉक.

इथे आमची अक्का, म्हणजे रेवतीची आजी, आडवी आली. नवी नवरी पहिल्यांदा नवऱ्याकडे जाते तेव्हा माहेरची एक बाई सोबत जाते, तिला पाठराखीण म्हणतात. अक्काचं म्हणणं सरळ होतं. "पोरले एकली धाडानी नही. पाठराखीण पायजे."

"अगं, ती हॉटेलात चाललीय, सासरी नाही."

"नवरा जथं, तथं सासर."

अक्काचे गुडघे दुखतात आणि तिच्याकडे पासपोर्टही नाही. रेवतीच्या आईबापाला दुकान सोडवेना. घरात दुसरा पासपोर्ट एकट्या माझाच. अशा रीतीने वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी पाठराखीण झालो.

जे अशा अवस्थेत प्रवास करणार असतील त्यांच्यासाठी थोडं कामाचं. जळगावच्या एजंटाने सांगितलं की अर्ज चालू असताना तिसऱ्या देशात फिरायला हरकत नाही; फक्त मेल रोज बघायची, आणि वैद्यकीय तपासणीला बोलावलं तर वेळेत परत यायचं. आम्ही गेलो तेव्हा थायलंडला व्हिसा लागत नव्हता, निघण्यापूर्वी एक माहिती ऑनलाइन भरावी लागली. नियम बदलतात, तेव्हा तुम्ही तुमचं बघून घ्या. अमळनेरहून जळगावला एसटी, तिथून रेल्वेने मुंबई, पुढे विमान. शाकाहारींनी शेव, ठेचा आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या जवळ ठेवाव्यात. तिकडे भाजीतही माशाचं पाणी घालतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर ही तिथल्या शाकाहारी खाणावळीची खूण, ती दिसली तर निर्धास्त आत शिरावं.

हर्षल विमानतळावर उभा होता. दीड वर्षाने भेटलेली ही जोडी. मला वाटलं, आता मला तोंड फिरवावं लागेल. तर तो वाकून माझ्या पाया पडला आणि तिला म्हणाला, "प्रवास बरा झाला ना?" ती म्हणाली, "हो. तुझा?" बँकेत शेजारी बसलेले दोन खातेदार याहून मोकळं बोलतात.

दुसऱ्या दिवशी नदीतून फिरलो. तिथली होडी म्हणजे आपली एसटीच, स्वस्त आणि भरलेली; कंडक्टर बाई नाण्यांचा डबा वाजवत येते. शाळेच्या पुस्तकातल्या कवितांतली नदी संथ असते, तिच्यावर चांदणं पडतं. ही गढूळ, घाईची. तरी मला ती आवडली, आणि मी एक जुनी कविता पुटपुटायला लागलो. तेवढ्यात रेवतीचा फोन वाजला. मेल आली होती.

तुम्ही दोघं खरोखर नवरा-बायको म्हणून नांदता याचे आणखी पुरावे पाठवा. मुदत थोडी.

"लग्नाचा अल्बम दिला होता की," मी म्हणालो.

"आबा, त्या अल्बममध्ये आम्ही कुठे आहोत? टोपी-उपरणं घेणारे पाहुणेच आहेत," हर्षल म्हणाला.

खरं होतं. आमच्या लग्नांत माणसांचा सत्कार आधी, नवरा-नवरीचा फोटो उरल्या वेळात.

"मग कालपासूनचे पाठवा."

रेवतीने फोन माझ्यापुढे धरला. मंदिर, बाजार, होडी, प्रत्येक ठिकाणी मधोमध मी. एकमेकांना लाजून दोघांनी दर वेळी मलाच मध्ये ओढलं होतं. तिकडच्या साहेबाला वाटलं असतं, हे लग्न या म्हाताऱ्याशी झालंय.

"उद्या तुम्ही दोघंच जा," मी चिडून म्हणालो.

"तुम्हाला एकटं सोडून? अक्का जेवू देईल का मला?" रेवती म्हणाली.

शेवटी तिघंही रेल्वेने अयुथयाला, तिथल्या जुन्या राजधानीला गेलो. साध्या गाडीचं तिकीट आपल्या भजी-चहाच्या पैशांत येतं, पंखा आणि उघड्या खिडक्या. वाटेत केळीच्या बागा दिसल्या. आमच्या यावलकडचा घड याच्या दीडपट भरतो, हे मी दोघांना सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. जुन्या राजधानीच्या विटांच्या भिंती उन्हात तापल्या होत्या. झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मुख पाहिलं, आणि मी सावलीत बसकण मारली. "गुडघा दुखतोय. तुम्ही फिरून या, येताना मला पाणी आणा." गुडघा अक्काचा दुखतो, माझा नाही.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज आले.

"दिवाळीला सुट्टी होती तुला. तू जादा कामं घेतलीस. मला कळलं नाही असं वाटलं?"

"घर घ्यायचं होतं भाड्याने. चार पोरांच्या खोलीत येऊन राहणार होतीस?"

"मग सांगायचं ना."

"सांगून काय? तू रोज विचारणार, कधी येऊ. मी काय उत्तर देऊ? दोन महिने त्या घरात मी एकटा झोपतोय. एक ताट, एक वाटी."

"वाटी तरी कशी घेतलीस? मला न विचारता?"

मग बराच वेळ दोघंही एकदम बोलत होते. ती रडवेली झाली, मग हसली, मग पुन्हा भांडण. एक पर्यटक बाई थांबून बघायला लागली. मी तिला हाताने पुढे जायला सांगितलं. परत आले तेव्हा दोघांचे चेहरे लाल होते आणि माझं पाणी आणायचं दोघंही विसरले होते.

पुढचे दिवस मी हॉटेलच्या कोपऱ्यावर भात खाल्ला आणि एकटा फिरलो. त्यांनी फोटो काढले, घराचं सगळं लिहून पाठवलं. निरोपाच्या वेळी विमानतळावर मी तोंड फिरवलं, या वेळी कारण होतं.

अमळनेरला उतरलो तर शेजारचे नाना ओट्यावरच. "काय आबा, पाठराखीण एकटी परत येते. तुम्ही तर नवरीच परत आणली."

"तुमची ओळख असेल तिकडे तर सांगा त्यांना," मी म्हणालो आणि आत गेलो.

अजूनही प्रक्रिया सुरू आहे. पुरावे पोचले एवढंच कळलं. कधी कधी संगणकाच्या त्या पडद्यावर मला खडू फेकून मारावासा वाटतो. पण रेवतीने अर्ज मागे घ्यायचं पुन्हा काढलेलं नाही. परवा तिचा फोन इतका लांबला की ताटातलं वांग्याचं भरीत गार झालं. तिकडच्या घराला पडदे कोणत्या रंगाचे, यावरून भांडण. हिरवे नकोत, म्हणजे नकोत. मी वैतागून म्हणालो, "जेवून भांड म्हणावं."

अक्काने ताटावर झाकण ठेवलं. "भांडू द्या," ती म्हणाली. "आते पोर सासरले गई."