बैलांना मराठी शिकवणारे गुरुजी

आमचे शेतकीचे गुरुजी आधी बैलाशी बोलत आणि मग माणसाशी. कुणाच्याही घरी गेले तरी पहिल्यांदा गोठ्यात शिरायचे, बैलाच्या गळ्याखाली खाजवत "काय म्हणतोस? बरा हायेस?" असं विचारायचे, आणि मग बाहेर येऊन घरधन्याला रामराम घालायचे. आम्हा पोरांना मात्र ते मूठभर माती हातात देऊन "ही कुणाच्या रानातली, सांग," असं विचारत. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, अणदूरचे सुतार होते. ते म्हणायचे, "गुरुजी आले की बैल उठून उभा राहतो आन् पोरं पळून जात्यात."

गुरुजींचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालं होतं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, शाळा मराठीत चालू लागल्या, तरी त्यांचे पाढे उर्दूतच राहिले. फळ्यावर मराठीत गणित मांडायचे आणि तोंडातल्या तोंडात उर्दूत सोडवायचे. "आमच्या मास्तरांनी पहिली दोन वर्षं काय शिकवलं, ते मला तिसऱ्या वर्षी कळलं," असं हसत सांगायचे. त्या हसण्यामागं थोडी खंत असे, हे मला फार पुढं कळलं.

मी हायस्कुलात होतो तेव्हा गुरुजी आफ्रिकेत जाणार अशी बातमी गावात पसरली. घाना नावाचा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. तिथल्या उत्तर भागात परदेशी मदतीची एक योजना सुरू होती. युरोपातल्या कुठल्याशा सरकारनं लोखंडी नांगर दिले होते, पण त्या गावांतले शेतकरी हातानं, कुदळीनं शेती करत. गुरं होती, ती औताला जुंपलेली नव्हती. ते शिकवायला माणूस हवा होता. अर्ज कुणी केला, निवड कशी झाली, हे मला आजही ठाऊक नाही. गुरुजींच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या एवढंच म्हणाल्या, "इथल्या बैलांचं सगळं बोलून झालं वाटतं."

जाताना गुरुजींनी आप्पांकडून बाभळीचं एक जू करवून घेतलं. ते जू बोटीतून गेलं. तिथं पोचल्यावर गुरुजींनी पहिली जोडी जुंपली आणि जू सरळ घसरून बैलांच्या शिंगांपाशी आलं. तिथल्या बैलांना वशिंडच नव्हतं! आपल्याकडं जू वशिंडाला टेकतं, हे जन्मभर डोळ्यांसमोर असून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटी तिथल्याच एका सुतारानं मानेच्या मापाचं वेगळं जू केलं. परत आल्यावर गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा आप्पा चिडले. "माझं जू चुकलं न्हाय. त्या बैलांना वशिंड न्हाय, त्याला म्या काय करू?"

"तुमचं न्हाय हो चुकलं, मिस्त्री," गुरुजी म्हणाले. "घरून निघताना त्यांची मान कशी असती ते इचारलं न्हाय, हे माझं चुकलं."

तिथं त्यांनी पोळाही पाळला. त्या दिवशी बैल जुंपायला साफ नकार दिला. योजनेच्या गोऱ्या साहेबानं विचारलं, "सुट्टी कुणाची? तुमची?" गुरुजी म्हणाले, "बैलांची. मी नुसता हजर राहणार." साहेबानं दिली म्हणे सुट्टी.

पण खरा घोटाळा पुढं झाला. गुरुजींना ताप भरला आणि ते अंथरुणाला खिळले. शेतकरी नांगर धरून उभे, जुंपलेले बैल जागचे हलेनात. मारून पाहिलं, ओढून पाहिलं. शेवटी गुरुजींच्या इब्राहिम नावाच्या दुभाष्यानं औत सोडून ती जोडी त्यांच्या खिडकीखाली आणली आणि तिथं पुन्हा जुंपली. गुरुजी आतून क्षीण आवाजात म्हणाले, "हो रं राजा!" आणि बैल चालू लागले. गुरुजींनी त्यांना सगळं मराठीत शिकवलं होतं. 'हो रं', 'वळ', 'थांब', याशिवाय त्या बैलांना दुसरं काही समजतच नव्हतं.

ही गोष्ट गावात सांगितली की लोक पोट धरून हसत. गुरुजी हसत नसत. "निजामाच्या मास्तरांनी मला उर्दूत शिकवलं, मी तिथल्या बैलांना मराठीत शिकवलं. मग माझ्यात आन् मास्तरांत फरक काय राहिला?" असं म्हणत. बरे झाल्यावर त्यांनी शेतकऱ्यांच्या भाषेतले शब्द घेऊन बैलांना नव्यानं शिकवायला घेतलं, पण योजनेची मुदत संपली. काम अर्धवट टाकून यावं लागलं. आपल्यामागं औत थांबलं असेल, नांगर गंजत पडले असतील, ही काळजी त्यांनी घरी आणली. जेवताना मधेच थांबून म्हणायचे, "बैलांचं काय झालं असंल गं?" काकू म्हणायच्या, "पोरं काय शिकत्यात ते तरी इचारा कधी."

माझं मात्र त्यांनी विचारलं. मॅट्रिक झाल्यावर आप्पा मला कामावर बसवायला निघाले होते. गुरुजी आमच्याकडं आले, आधी गोठ्यात जाऊन आले आणि म्हणाले, "मिस्त्री, पोराला रंधा येतोच हाय. शिकून आला म्हणून हात गळून पडणार हायेत का त्याचे?" मी औरंगाबादला कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पुढं शेतकी खात्यात नोकरी केली. नव्या गावात बदली झाली की काही सांगण्याआधी गावकऱ्यांचं ऐकून घ्यायचं, ही सवय गुरुजींची.

नोकरीला बरीच वर्षं झाल्यावर एकदा मी सुट्टीत घरी आलो होतो. दरवर्षी काही दिवस नळदुर्गाला मुक्कामाला जाणारा आमचा खंडोबा अणदूरला परत आला होता, गावात वर्दळ होती. हैदराबादहून सोलापूरला जाणाऱ्या गाडीतून एक उंच, काळासावळा पाहुणा फाट्यावर उतरला आणि गुरुजींचं घर विचारू लागला. तो इब्राहिम होता. हैदराबादेत प्रशिक्षणासाठी आला होता. मी त्याला घेऊन गेलो. गुरुजी त्याला मिठी मारून कितीतरी वेळ उभे राहिले. मग चहाची वाट न बघता त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "नांगर चालू आहेत?"

"चालू आहेत. शेजारच्या गावांतही गेले."

"आणि आपले बैल?"

"ती जोडी म्हातारी झाली, गेली. आता पुष्कळ जोड्या आहेत. आमची पोरंच शिकवतात."

"‘हो रं’ म्हणतात?"

इब्राहिमनं माझ्याकडं पाहिलं. पाहुण्यानं यजमानाचं मन दुखवू नये, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग खाली मान घालून म्हणाला, "नाही. आमच्याच भाषेत बोलतात."

"‘थांब’सुद्धा न्हाय?"

"नाही. नव्या पोरांना तर तुमचं नावही ठाऊक नाही, गुरुजी. नांगर आमच्याकडं पहिल्यापासूनच होता, असं त्यांना वाटतं."

गुरुजींनी एकदा उपरण्यानं तोंड पुसलं. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून त्यांनी एवढ्या मोठ्यानं हाक मारली की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला.

"अगं ए, ऐकलंस का? काहीतरी गोड कर! तिकडं मला विसरले!"