येडबाचा बेलभंडार

आमच्या गावात आजबी लेकरू रडायला लागलं की आया म्हणतात, "गप बस, न्हाईतर येडबा येईल." येडबा म्हंजे माझा पाठचा भाऊ. मी कासाबाई, त्याची थोरली बहीण. नवऱ्यानं टाकलेली, म्हणून जल्मभर त्याच्याच घरात राहिलेली. लोक त्याला राक्षस म्हणतात. म्हणू द्या. मीबी म्हणते, पण मला तो हक्क हाय, मी त्याला कडेवर खेळवलाय. ज्यांनी त्या दिवशी काठ्या चालवल्या ते करून सवरून नामानिराळे झाले, पारावर बसून तंबाखू मळायलेत. अन् राक्षस कोण, तर एकटा येडबा! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय!

गाव आमचं बोरीपसून दोन कोसावर. आमी धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं, पावसाळा आला की गावाला परतायचं. येडबा लय देवभोळा. खंडोबाला विचारल्याबिगर लोकर कातरायला बसायचा न्हाई. मी म्हणायचे, "अरे, देवाला दुसरी कामं हायत का न्हाईत?" तो नुसता हसायचा.

त्याची चार लेकरं गेली. एक पाचवीच्या आत, दोन तापानं, एक असंच, काही कळलंच न्हाई. पाचव्या येळला दगडा झाली अन् तिची माय कोंडाबाई बाळंतपणातच गेली. येडबा दारात बसला, पोरीकडं बघायलाच तयार न्हाई. म्हणायचा, "अक्का, मी बघितलं की ती जाईल. माझी नजर वाईट हाय."

आमच्यात एक रीत हाय. ज्याची लेकरं जगत न्हाईत त्यानं नवं लेकरू उकिरड्यावर ठेवायचं, परक्या घरच्या बाईनं ते उचलायचं, अन् मंग बापानं पसाभर ज्वारी देऊन तिच्याकडून इकत घ्यायचं. म्हंजे सटवीला वाटतं, हे ह्याचं लेकरूच न्हाई, अन् ती मागं फिरती. नावबी दगडा, धोंडा असलंच ठेवायचं. मी पोरीला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, अन् बौद्धवाड्यातली बायनाबाई आली उचलायला. तिचा नवरा नागनाथ हा येडबाचा लहानपणीचा सोबती. दोघं एकाच नदीत पोहायला शिकले, एकाच्याच मळ्यातली बोरं चोरून दोघांनी मार खाल्ला. बायनाबाई म्हणली, "कासाबाई, आमी आता असलं काही मानत न्हाई बघा. पण लेकरू जगत असंल तर माझं काय जातंय?" तिनं पोरगी उचलली अन् तिथंच, उकिरड्याच्या कडेला बसून पदराखाली घेतली. तिचं स्वतःचं लेकरू अंगावर पीत व्हतं. वर्षभर तिनं दोघांना पाजलं. दगडा जगली ती त्या दुधावर. देव मानायचा तर माना, मी दूध मानते.

येडबाला मात्र पोरीचं याडच लागलं. तिला शिंक आली की ह्याचा जीव खालीवर. जत्रेत न्यायचा न्हाई, नदीकडं जाऊ द्यायचा न्हाई. मेंढरं आपल्या आपण चरायची अन् हा पोरगी खांद्यावर घेऊन बसायचा. सगळ्या गावाला ठाऊक झालं की येडबाचा जीव कुठं हाय.

अठ्ठ्याहत्तर सालचा श्रावण. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं अन् सगळा मराठवाडा पेटला. आमच्या गावात मॅट्रिक झालेला एक माणूस नव्हता, विद्यापीठ कुणी बघितलेलं न्हाई, पण त्याच्या नावावरून घरं जाळायला सगळे तयार! नागनाथ नाव द्या म्हणणाऱ्या परभणीच्या मोर्चाला जाऊन आलता. तेवढं पुरे झालं. भर दुपारी बौद्धवाड्यावर माणसं गेली. बायनाबाई लेकरं घेऊन पऱ्हाटीतून पळाली. नागनाथ घसरत पडत आमच्या धनगरवाड्याकडं आला. येडबानं एक शब्द विचारला न्हाई. त्याला आत ओढलं, लोकरीच्या गोण्यांच्या मागं बसवलं, वर घोंगड्या टाकल्या. मला म्हणला, "अक्का, तोंडातून ब्र काढू नको." खरं सांगते, तव्हा मला माझ्या भावाचा लय अभिमान वाटला.

थोड्या येळानं पंधरा-वीस माणसं दारात आली. पुढं आबासाहेब. गावातलं मोठं घर, अर्ध्या शिवाराचा मालक. हुशार माणूस. आरडाओरडा न्हाई, शिवी न्हाई. येडबा म्हणला, "नागनाथ इकडं आला न्हाई, मालक." आबासाहेब म्हणला, "बरं. मंग काही हरकत न्हाई." अन् मागच्या गड्याला म्हणला, "जा, देवळातून बेलभंडार घेऊन ये."

मी दगडाला जवळ ओढलं.

बेलाची पानं अन् हळद. खंडोबाच्या पुढची. ती तळहातावर घेऊन जो खोटं बोलतो त्याचा वंश बुडतो, असं आमच्याकडं पोटातलं लेकरूबी जाणतं. गड्यानं ती येडबाच्या उजव्या हातावर ठेवली. दगडा तीन वर्षांची, माझ्या पायाला धरून उभी. आबासाहेबानं तिला गोड बोलून पुढं घेतलं, येडबाचा डावा हात धरला अन् तिच्या डोक्यावर ठेवला. म्हणला, "आता म्हण, नागनाथ माझ्या घरात न्हाई. एवढं म्हण, आमी चाललो."

चार शब्द व्हते हो! खोटं बोलायचे चार शब्द! कोणता देव असा हाय की जो माणसाचा जीव वाचवणाऱ्या बापाची पोरगी मारंल? असंल असा देव, तर त्याला आधी मी उकिरड्यावर नेऊन टाकते. पण येडबाची चार लेकरं त्याच्या हातानं पुरलेली. त्याचे ओठ हलले. "नागनाथ माझ्या..." म्हणला अन् अडकला. पुन्हा म्हणायला गेला, पुन्हा अडकला. उजवा हात कलला अन् हळद पोरीच्या केसांत सांडली. मंग त्यानं मान वळवून गोण्यांकडं बघितलं. तोंडानं काही बोलला न्हाई. बघितलं फक्त.

अन् मी? मी काय करत व्हते? माझ्या हातावर बेलभंडार नव्हता. माझ्या पोटी लेकरू न्हाई, माझा वंश बुडायचा काही सवालच नव्हता. मी वरडून म्हणले असते, "घरात कोणी न्हाई, मी सकाळपसून इथंच हाय," तर कदाचित... मी न्हाई बोलले. पदर तोंडात धरून उभी राहिले. येडबाला राक्षस म्हणताना हेबी मी रोज स्वतःला म्हणून घेते.

नागनाथला ते घेऊन गेले. संध्याकाळी ओढ्याच्या कडेला तो सापडला. त्याच्याविषयी मी यापेक्षा जास्ती सांगणार न्हाई.

पुढं खटला उभा राहिला. पोलीस येडबाला साक्षीला घेऊन गेले, कारण कुणाकुणाच्या हातात काठी व्हती ते त्यानं बघितलेलं; मला बाईमाणसाला कुणी विचारलंच न्हाई. मला वाटलं, चला, आता तरी हा तोंड उघडंल. पण आबासाहेबाचा निरोप आलता, "येडबा, पोरगी मोठी करायची हाय ना?" एवढाच. कोर्टात ह्यानं खरं बोलायची शपथ घेतली अन् म्हणला, "मी त्या दिवशी मेंढरं घेऊन रानात व्हतो. मला काही म्हाईत न्हाई." घरी आल्यावर मी त्याच्या अंगावर पाण्याची घागर फेकली. "मेल्या, तिथं शपथ घेतलीस ती शपथ नव्हती का?" तर तो शांतपणानं म्हणला, "तिथं बेलभंडार नव्हता, अक्का."

ऐका माझ्या भावाचं! जिथं खोटं बोलायचं तिथं ह्याच्यानं बोलवलं न्हाई, अन् जिथं खरं बोलायचं तिथं न अडखळता खोटं बोलून आला. सगळे सुटले. बायनाबाई लेकरं घेऊन परभणीला गेली ती गेलीच.

त्यानंतरची तेरा वर्षं येडबा नुसता जगला म्हणायचं. कुणाच्या घरी गेला न्हाई, खंडोबाच्या देवळाकडं फिरकला न्हाई. मेंढरं इकली. दगडा तेवढी राहिली. तिला बोरीच्या शाळेत घातलं, रोज स्वतः सोडायचा, शाळा सुटंस्तोवर बाहेर झाडाखाली बसायचा. पोरं खडे मारायची, हा उठायचा न्हाई. पोरगी हुशार निघाली. दहावीला गेली. अन् एक दिवस वर्गातली कोणी तरी तिला म्हणली, "नागनाथला ज्यानं धरून दिला त्या येडबाची पोरगी तू का?"

तिनं मला येऊन विचारलं, "आत्या, खरं हाय का?" मी काय सांगू? तेरा वर्षं गप राहून मी काय कमावलं व्हतं? सगळं सांगितलं. उकिरडा, दूध, हळद, सगळं. तिनं ऐकलं. मंग म्हणली, "म्हंजे माझ्यासाठी झालं."

त्या दिवसापसून तिनं अन्न सोडलं. येडबा ताट घेऊन तिच्यापुढं बसायचा, रडायचा, पाया पडायचा. ती म्हणायची, "बा, बायनामायच्या तोंडावर जाऊन सांगा. तवर मला घास उतरणार न्हाई." एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी ती उठून उभी राहिली अन् भोवळ येऊन पडली. हा वेड्यावाणी घरभर फिरायला लागला. ज्या पोरीच्या जिवापायी सगळं केलं, ती पोरगी त्याच्या डोळ्यापुढं वाळायली व्हती, अन् ह्या येळला तिला वाचवायला खरंच बोलावं लागणार व्हतं. चौथ्या दिवशी सकाळी म्हणला, "चला. एसटी धरू."

परभणीत रेल्वे रुळाच्या पलीकडं पत्र्याच्या घरात बायनाबाई राहायची. कृषी विद्यापीठाच्या शेतावर रोजानं कामाला. आमी गेलो तव्हा ती भाकरी फडक्यात बांधायली व्हती. केस पिकलेले, हाडं वर आलेली. मला वळखलं, येडबाला वळखलं. दगडाकडं बघत राहिली. "लय मोठी झाली गं," म्हणली.

येडबा पायावर डोकं ठेवायला वाकला, तिनं पाय मागं घेतले. उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं. "वैनी, मी दाखवलं. पोरीच्या डोक्यावर हात व्हता, मला खोटं बोलता आलं न्हाई. अन् कोर्टात मी खोटं बोललो." एवढंच बोलला अन् भिंतीला धरून खाली बसला. मी मनात म्हणते, ही शिव्या दील, थुंकंल, दगड घालंल. घालावाच.

बायनाबाई म्हणली, "हे मला त्याच रात्री कळलं व्हतं. तेरा वर्षं ठाऊक हाय." मंग ती त्याच्यापुढं उकिडवी बसली. "मला दुसरं सांग. तू शेवटचा त्याच्याजवळ व्हतास. नेताना तो काही म्हणला का?"

मला वाटलं, न्हाई म्हणंल. मीबी दारात व्हते पण गलक्यात मला काही ऐकू आलं नव्हतं, अन् त्यानं मला कव्हाच सांगितलं नव्हतं. दगडा म्हणली, "बा, बोला."

"तो आपल्या आपण बाहेर आला," येडबा म्हणला. "मी गोण्यांकडं बघितलं तव्हा तो फटीतून मलाच बघत व्हता. कुणी हात घालायच्या आधी उठला. माझ्याजवळून जाताना म्हणला... म्हणला, 'येडबा, पोरीला आत ने. ती भ्यायलीय.'"

बायनाबाईनं डोळे मिटले.

"अन् तू काय केलंस?"

"नेलं आत. दार लावून घेतलं."

बायनाबाईनं फडक्यातली भाकरी सोडली. अर्धी मोडून दगडाच्या हातात दिली अन् म्हणली, "खा. तोंड बघ किती सुकलंय." दगडा तिच्याजवळ जमिनीवर बसली अन् चार दिवसांची भुकेली पोरगी रडत रडत ती भाकरी खायला लागली. येडबा तिच्या तोंडाकडं बघत व्हता, एक एक घास मोजल्यासारखा.

तिची भाकरी संपल्यावर तो उठला. म्हणला, "चल माय, दुपारची गाडी हाय."

दगडानं मान वर केली न्हाई. म्हणली, "तुमी जावा, बा. मी इथंच राहते."

आमी दोघं स्टँडवर आलो, अन् गाडीत बसताना त्यानं बाजूची जागा सवयीनं तिच्यासाठी धरून ठेवली.