बिंबल आणि एकोणचाळीस कोट

लाँड्रीत सगळे त्यांना मावशी म्हणत. सत्तावीस वर्षं एकाच मोरीवर उभं राहून त्यांनी लोकांचे डाग काढले, आणि कुणाचा डाग कसला होता याची वाच्यता कधी केली नाही.

मागच्या अंगणात बिंबलाचं झाड होतं. त्याची फळं थेट बुंध्यालाच झुबक्यांनी लटकतात. बोटाएवढी, हिरवी, आणि इतकी आंबट की माणूस एकदाच चावतो. साल नाजूक. तोडलेलं फळ दोन-तीन दिवसांत सडतं, म्हणून बाजारात त्याला कुणी कुत्रं विचारत नाही. पण गंजाचा डाग त्या रसापुढे टिकत नाही. रस चोळायचा, एका शर्टाची इस्त्री होईपर्यंत थांबायचं आणि लगेच कपडा भरपूर पाण्यात बुडवायचा. जास्त थांबलं की कापडच विरतं. हा अंदाज मावशींच्या हातात मुरला होता.

धाकटे मालक गल्ल्यावर बसायला लागले आणि झाड त्यांच्या डोळ्यांत खुपू लागलं.

"नुसता चिखल आणि मुंग्या! रविवारी तोडून टाकू. डागांना बाटलीतलं औषध आणलंय."

"झाड पडलं की मीही बाहेर पडले म्हणून समजा."

घरी लेकीने कपाळावर हात मारला. "आई, एका झाडापायी नोकरीवर पाणी सोडतेस?"

"ज्याने माझ्या हाताला किंमत दिली, त्याच्यावर कुऱ्हाड चालताना मी कॉलरी घासत बसू?"

शुक्रवारी दवाखान्याचे चाळीस पांढरे कोट आले. धाकट्या मालकांनी अंगणात नव्या लोखंडी नळ्या बसवल्या होत्या, अजून रंगही न दिलेल्या. ओले कोट त्यांवरच टाकले.

"दोरीवर घाला," मावशी म्हणाल्या.

"मावशी, जमाना बदलला."

सकाळी प्रत्येक कोटाच्या पाठीवर तांबडा पट्टा होता. बाटलीतल्या औषधाने पहिल्याच कोटाला भोक पडलं, आणि कोट तर संध्याकाळी पोचवायचे होते.

"मावशी, ते तुमचं फळ..."

"माझं कुठलं? उद्या त्याचं सरपण होणार ना?"

"बरं बाई, नाही तोडत!"

"तोंडी नको. कुऱ्हाडवाल्याला फोन लावा. माझ्यासमोर."

फोन झाला. "आता बाह्या वर करा आणि रस पिळायला बसा," मावशी म्हणाल्या. "एवढं माझ्या एकटीच्याने होत नाही."

रस बोटाच्या चिरेत गेला तसे मालक कळवळले. "अहो, झोंबतंय!"

"झोंबणारच. गंज काय गोड बोलून जातो?"

दुपारपर्यंत एकोणचाळीस पाठी पांढऱ्याशुभ्र झाल्या. कोट रवाना झाले आणि धाकटे मालक पुन्हा मालक झाले. "हा बहर संपेपर्यंत राहू दे झाड. पुढचं पुढे बघू."

मावशी त्यांना बुंध्याशी घेऊन गेल्या. जिथून फळं खुडली होती, तिथेच शेजारी गडद तांबड्या फुलांचे नवे घोस फुटले होते, आणि त्यांच्यात दाण्याएवढी फळंही धरली होती.

"बहर संपला की सांगते हं," त्या म्हणाल्या आणि मोरीकडे वळल्या.